वासू : लंडनमधली पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांची संघटना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन, म्हणजेच वासू, या संघटनेवर बोललं की पाठोपाठ प्रश्न येतात. बरेचसे तेच तेच असतात. काही मात्र खरोखर अवघड असतात, आणि विचारणाऱ्याने त्यांवर आधी डोकं चालवलेलं दिसतं. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आधी ओळखीचे, मग वादाचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वासू म्हणजे नेमकं काय होतं?

लंडनमध्ये शिकायला आलेल्या पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांनी ७ ऑगस्ट १९२५ रोजी स्थापन केलेली संघटना. नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गॅम्बिया या चार ब्रिटिश वसाहतींमधली ही मुलं. सुरुवात करणारे बहुतेक सगळे कायद्याचे विद्यार्थी होते. संघटनेने वसतिगृह चालवलं, ‘वासू’ नावाचं नियतकालिक काढलं, संसदेकडे निवेदनं धाडली, आणि संध्याकाळी जेवायला, वाद घालायला, नाचायला जागा दिली.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वसतिगृह, असं माझं ठाम मत आहे. निवेदनं पुष्कळ संघटना लिहीत होत्या. स्वतःच्या मालकीचं छप्पर मिळवायला निघालेली संघटना विरळा होती. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही गोष्ट येत राहील.

२. ही मुलं एवढ्या लांब लंडनला का जात? तिकडे कॉलेजं नव्हती का?

जवळजवळ नव्हतीच. फ्रीटाउनचं फुराह बे कॉलेज १८७६ पासून डरहॅम विद्यापीठाशी जोडलेलं होतं, म्हणून तिथे पदवी मिळे. नायजेरियात इबादानला विद्यापीठाची सोय झाली ती थेट १९४८ मध्ये. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’शिवाय मार्गच नव्हता. आपल्याकडच्या त्या काळच्या बॅरिस्टरांनाही तीच वाट चालावी लागली.

३. स्थापना कोणी केली?

दोन नावं घ्यावी लागतात. पहिलं लादिपो शोलांके यांचं. ते नायजेरियातल्या अबेओकुटाचे. फुराह बेची पदवी घेऊन १९२२ मध्ये लंडनला कायदा शिकायला आले. पैशांची कायम ओढाताण, पोटासाठी योरुबा भाषेच्या शिकवण्या. दुसरं नाव डॉ. हर्बर्ट बँकोल-ब्राइट, सिएरा लिओनचे डॉक्टर आणि राजकारणी. ते तेव्हा लंडनला आले होते. वसाहतीगणिक वेगळी संघटना काढू नका, चौघांची मिळून एक काढा, असा आग्रह त्यांनी धरला. पहिले अध्यक्ष झाले गोल्ड कोस्टचे जे. बी. डँक्वा. शोलांके सरचिटणीस झाले आणि पुढची कित्येक वर्षं संघटनेचा गाडा त्यांनीच ओढला.

४. लंडनमध्ये आफ्रिकी लोकांच्या संघटना आधीपासून होत्या. मग नवी कशाला?

होत्या खऱ्या. युनियन ऑफ स्टुडंट्स ऑफ आफ्रिकन डिसेंट होती, पण तिचा भर भेटीगाठींवर जास्त. १९२४ मध्ये शोलांके यांनी जमैकाच्या कार्यकर्त्या एमी अ‍ॅशवुड गार्वी यांच्या मदतीने नायजेरियन प्रोग्रेस युनियन काढली, ती फक्त नायजेरियनांची.

त्याच वर्षी वेम्बलीला साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं. त्यात पश्चिम आफ्रिकेचा देखावा उभारला होता, आणि त्या निमित्ताने लंडनच्या एका वृत्तपत्राने नायजेरियातल्या माणसांना नरभक्षक ठरवणारा मजकूर छापला. शोलांके यांनी ‘वेस्ट आफ्रिका’ साप्ताहिकात पत्र लिहून निषेध केला. ज्या शहरात आपण वकिलीची पुस्तकं वाचतोय, तिथल्या लोकांना आपण तिकीट काढून बघायची वस्तू वाटतो, हे त्या विद्यार्थ्यांना फार लागलं. चार वसाहतींनी एका आवाजात बोलायला हवं, हा विचार १९२० च्या नॅशनल काँग्रेस ऑफ ब्रिटिश वेस्ट आफ्रिकाने आधीच मांडला होता. विद्यार्थ्यांनी तो लंडनमध्ये अमलात आणला.

५. खोली मिळणं एवढं कठीण का होतं? तसा कायदा होता का?

कायदा नव्हता, आणि अडचण तिथेच होती. अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळेपणाचे कायदे होते. ब्रिटनमध्ये काळ्या माणसाला घर देऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि घर नाकारायला मनाई करणारंही काही नव्हतं. घरमालकीण दार उघडायची, चेहरा बघायची आणि ‘खोली आत्ताच गेली’ म्हणायची. तक्रार करणार कोणाकडे? सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला मनाई करणारा पहिला ब्रिटिश कायदा १९६५ चा. घरं आणि नोकऱ्या त्याच्या कक्षेत आल्या १९६८ मध्ये. म्हणजे वासूची स्थापना झाल्यानंतर ४३ वर्षांनी.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने कसं बाहेर काढलं, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत.

६. पण क्रिकेटपटू लियरी कॉन्स्टंटाईन तर कोर्टात जिंकला होता. मग कायदा नव्हता असं कसं म्हणता?

हा प्रश्न चांगला आहे, कारण अपवाद खरा आहे. १९४३ मध्ये वेस्ट इंडिजचा काळा खेळाडू कॉन्स्टंटाईन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी कुटुंबासह लंडनला आला. रसेल स्क्वेअरमधल्या इंपीरियल हॉटेलात त्याचं चार रात्रींचं आरक्षण होतं. हॉटेलने त्याला राहू दिलं नाही. त्याने दावा लावला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे नाममात्र.

मात्र तो जिंकला तो वर्णभेदाच्या मुद्द्यावर नव्हे. खानावळ किंवा हॉटेल चालवणाऱ्याने वाजवी कारणाशिवाय प्रवाशाला परत पाठवू नये, असा इंग्लंडच्या प्रचलित कायद्यातला फार जुना नियम आहे. निकाल त्या नियमावर लागला. घरात दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईला तो लागू होत नव्हता, आणि विद्यार्थी राहायचे ते अशाच खोल्यांत. निकालाने वाचा फुटली, मुलांना खोल्या काही मिळाल्या नाहीत.

७. वासूचं पहिलं वसतिगृह कुठलं?

उत्तर दोन प्रकारे देता येतं. १९२८ मध्ये जमैकाचे कृष्णवर्णीय पुढारी मार्कस गार्वी यांनी वेस्ट केन्सिंग्टनमधलं आपल्या ताब्यातलं घर संघटनेला वापरायला दिलं. पण ते भाडेपट्ट्याचं आणि थोड्या मुदतीचं होतं. मुदत संपली आणि संघटना पुन्हा रस्त्यावर आली.

मग शोलांके यांनी एक धाडस केलं. १९२९ मध्ये ते पश्चिम आफ्रिकेला गेले आणि १९३२ पर्यंत गावोगाव फिरून वसतिगृहासाठी वर्गणी गोळा करत राहिले. पारंपरिक राजांच्या दरबारात गेले, वकील-व्यापाऱ्यांच्या घरी गेले, ठिकठिकाणी वासूच्या शाखा काढल्या. लंडनमधल्या मुलांच्या खोल्यांसाठी अबेओकुटा आणि अक्रामधून पैसे आले. १९३३ मध्ये ६२, कॅम्डन रोड इथे वसतिगृह सुरू झालं. शोलांके त्याचे व्यवस्थापक. त्यांच्या पत्नी ओपेओलू यांनी घर आणि स्वयंपाकघर सांभाळलं. ‘पहिलं’ म्हणताना मी हेच धरतो, कारण याची किल्ली संघटनेकडे होती.

८. वसतिगृहात राहता फक्त पश्चिम आफ्रिकी मुलांनाच येत होतं का?

नाही. आफ्रिकेच्या इतर भागांतले आणि कॅरिबियन बेटांवरचे पाहुणे तिथे येत, राहत, जेवत. शेंगदाण्याच्या रश्शातलं मटण, ज्याला तिकडे ग्राउंडनट चॉप म्हणतात, आणि जोलोफ भात लंडनमध्ये मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक. रविवारी वादसभा, कधी नाच. गायक-नट पॉल रोबसन संघटनेचे आश्रयदाते होते. गोरे पाहुणेही येत, खासदार येत. संघटनेची सूत्रं मात्र पश्चिम आफ्रिकी सभासदांच्या हाती राहिली.

९. अ‍ॅग्री हाउसचा वाद नेमका काय होता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

विद्यार्थी स्वतःचं वसतिगृह उभारतायत हे दिसताच ब्रिटिश वसाहत खात्यालाही विद्यार्थ्यांच्या निवासाची काळजी वाटू लागली. मुलं कम्युनिस्टांच्या नादी लागतील ही भीती त्यामागे होती. खात्याच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३४ मध्ये ब्लूम्सबरीतल्या ४७, डाउटी स्ट्रीट इथे अ‍ॅग्री हाउस उघडलं. नाव दिलं गोल्ड कोस्टचे शिक्षणतज्ज्ञ जेम्स अ‍ॅग्री यांचं. १९२७ मध्ये वारलेल्या अ‍ॅग्रींबद्दल सगळ्यांनाच आदर होता.

वासूने बहिष्कार पुकारला. ‘अ‍ॅग्री हाउसविषयी सत्य’ अशा मथळ्याची पुस्तिका काढली आणि ही विद्यार्थ्यांवर ताबा ठेवायची सरकारी योजना आहे, असा उघड आरोप केला. इमारत वाईट नव्हती. उबदार होती, चांगल्या वस्तीत होती. पण तिथे कोणाला बोलवायचं, कुठला विषय चर्चेला घ्यायचा, कोणाला बाहेर काढायचं, हे विश्वस्त ठरवणार. आज खोलीत काय बोललास यावर उद्या झोपायला जागा मिळेल की नाही हे अवलंबून असेल, तर मुलगा बोलायचंच सोडून देतो.

वासूची शंका पुढे खरी ठरली. अ‍ॅग्री हाउसमध्ये राहणारी मुलंही हळूहळू राजकारण बोलू लागली, डावे विचार मांडू लागली, आणि १९४० मध्ये ते बंद करण्यात आलं. बहिष्काराच्या वेळी ‘हे उगाच संशय घेतात’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळायला नको.

१०. मग वासूने शेवटी सरकारचे पैसे घेतलेच ना? ही तडजोड नव्हती का?

घेतले. तडजोड होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

कॅम्डन रोडचं वसतिगृह तोट्यात होतं. वर्गणी वेळेवर येत नव्हती, मुलांकडून भाडं थकायचं. बहिष्कारानंतर वसाहत खात्यालाही कळलं की वासूला बाजूला सारून विद्यार्थ्यांपर्यंत पोचता येत नाही. बोलणी झाली. १९३८ मध्ये संघटना कॅम्डन स्क्वेअरजवळ १, साउथ व्हिलाज इथल्या मोठ्या घरात गेली. त्यात वसाहत सरकारांचे आणि आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या कंपन्यांचे पैसे होते. संघटनेतल्या डाव्या विचारांच्या मुलांना हे पटलं नाही, आणि शोलांके यांच्यावरची त्यांची नाराजी पुढे वाढतच गेली.

पण विकले गेले, असं म्हणायला मी तयार नाही, आणि त्याला कारणं आहेत. १९३७-३८ मध्ये गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांच्या संगनमताविरुद्ध कोको विकायचा थांबवला, तेव्हा वासू शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. एप्रिल १९४२ मध्ये, म्हणजे सरकारी मदतीच्या घरात राहत असताना, तिने अंतर्गत स्वराज्य ताबडतोब आणि युद्धानंतर पाच वर्षांच्या आत पूर्ण स्वराज्य मागितलं. अ‍ॅग्री हाउस आणि साउथ व्हिलाज यांत फरक एकच होता. पैसा दोन्हीकडे सरकारचा, पण साउथ व्हिलाजमध्ये व्यवस्थापन संघटनेचं. तो एक फरक पुरेसा ठरला.

११. शिक्षण संपवून नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठी कोणती संघटना होती?

वासूत बॅरिस्टर आणि डॉक्टर झालेलेही होतेच. पण स्थायिक व्यावसायिकांची म्हणावी अशी संघटना वेगळी : लीग ऑफ कलर्ड पीपल्स, स्थापना मार्च १९३१. संस्थापक डॉ. हॅरल्ड मूडी, जमैकाचे. किंग्ज कॉलेजमध्ये उत्तम गुणांनी वैद्यक शिकूनही रंगामुळे त्यांना इस्पितळात नोकरी नाकारली गेली. तेव्हा त्यांनी १९१३ मध्ये पेकहॅमला स्वतःचा दवाखाना थाटला. नर्सिंगला प्रवेश न मिळणाऱ्या मुली, नोकरी नाकारलेले पदवीधर, यांच्यासाठी ते स्वतः अधिकाऱ्यांना भेटत, पत्रं लिहीत.

लीगचे दरवाजे भारतीयांनाही खुले होते. तिची रीत मवाळ, अर्ज-विनंत्यांची, वासूची जास्त टोकदार. अ‍ॅग्री हाउसच्या बाबतीत मूडी सरकारी योजनेच्या बाजूला राहिले, ते वासूच्या मुलांना फार झोंबलं. दोघांमधला दुरावा नंतर कमी झाला. अनेक जण एकाच वेळी दोन्हीकडे सभासद होते.

१२. मुलींना जागा होती का?

होती, पण नेतृत्व बराच काळ पुरुषांकडेच राहिलं. तरी स्टेला थॉमस यांचं नाव माहीत असायलाच हवं. लागोसच्या. वासू आणि लीग दोन्हींत सक्रिय. १९३३ मध्ये बॅरिस्टर झालेल्या त्या पहिल्या पश्चिम आफ्रिकी स्त्री आणि पुढे नायजेरियातल्या पहिल्या महिला मॅजिस्ट्रेट. वासूशी जोडलेल्या कॉन्स्टन्स कमिंग्ज-जॉन पुढे फ्रीटाउनच्या महापौर झाल्या. आणि ओपेओलू शोलांके (प्रश्न ७) यांच्या कष्टांशिवाय वसतिगृह एक वर्षही टिकलं नसतं.

१३. भारताशी याचा काही संबंध होता का?

होता, आणि एकाहून अधिक अंगांनी.

भारतीय विद्यार्थी या सगळ्यातून दीड-दोन दशकं आधी गेले होते. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये हायगेटला इंडिया हाउस काढलं, तिथे पुढे सावरकर राहिले. १९०९ मध्ये कर्झन वायलीच्या खुनानंतर ते संपलं. त्याच सुमारास सरकारने भारतीय विद्यार्थ्यांसाठी २१, क्रॉमवेल रोड इथे सोय केली, आणि इथून आपल्यावर नजर ठेवली जाते असा संशय विद्यार्थ्यांनी लगेच घेतला. प्रश्न ९ वाचलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. राज्यकर्ते तेच होते.

दुसरा दुवा माणसांचा. वासूच्या संसदीय समितीचं काम पाहणारे मजूर पक्षाचे खासदार रेजिनाल्ड सोरेन्सन हे ब्रिटनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या इंडिया लीगचेही कार्यकर्ते होते. वासूचे एक अध्यक्ष जो अ‍ॅपिया यांनी १९५३ मध्ये पेगी क्रिप्स यांच्याशी लग्न केलं. १९४२ ची क्रिप्स योजना घेऊन भारतात आलेल्या स्टॅफर्ड क्रिप्स यांची ही मुलगी.

तिसरा दुवा ऑगस्ट १९४१ चा. अटलांटिक सनद, म्हणजे युद्धानंतरच्या जगासाठी चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी मांडलेली तत्त्वं, नुकतीच जाहीर झाली होती. वासूच्या सभेत चर्चिल यांच्या मंत्रिमंडळातले क्लेमेंट अ‍ॅटली यांनी सांगितलं की तिची तत्त्वं जगातल्या सगळ्या वंशांना लागू आहेत. ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला की आपल्या मनात प्रामुख्याने नाझींच्या टाचेखालचा युरोप होता. चर्चिल यांच्या या खुलाशावर भारतात जो संताप उसळला तो आपल्या इतिहासात आहे. त्याआधीचं आश्वासन लंडनमधल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या सभेत दिलं गेलं होतं, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

१४. बाबासाहेब वासूचे सभासद होते का?

नाही. वासू १९२५ ची, बाबासाहेब १९२३ मध्येच भारतात परतले होते. शोलांके १९२२ मध्ये आले, म्हणजे काही काळ दोघे एकाच शहरात कायदा शिकत होते. एवढ्यावरून त्यांच्या भेटीची गोष्ट रचणं योग्य नाही, आणि तशी गरजही नाही.

खरी जुळणारी गोष्ट त्याहून मोठी आहे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरात सुरू केलेलं विद्यार्थी वसतिगृह. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात बोर्डिंगांची वाट आधीच घालून दिली होती. म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये शोलांके आणि सोबती एकत्र आले, त्याच वर्षी सोलापुरात दलित मुलांसाठी दार उघडलं. दोघांनी एकमेकांचं पाहून केलं नाही. ज्याला गावात कोणी खोली देत नाही त्याला शिकवायचं, तर आधी त्याच्या झोपण्या-जेवण्याची सोय आपल्या हातात हवी, या निष्कर्षाला दोघे आपापल्या अनुभवातून आले.

१५. क्वामे एन्क्रुमा वासूतूनच घडले, हे खरं का?

अर्धं खरं. ते मे १९४५ मध्ये लंडनला आले तेव्हा अमेरिकेत दहा वर्षं शिकून आलेले, तयार कार्यकर्ते होते. वासूचे उपाध्यक्ष झाले, ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या पाचव्या पॅन-आफ्रिकन परिषदेच्या तयारीत राबले. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा ते पंतप्रधान होते. वासूने त्यांना व्यासपीठ आणि सोबती दिले, असं म्हणणं जास्त बरोबर.

१६. वासू आज आहे का?

नाही. पन्नासच्या दशकात ती मोडकळीला आली. देश स्वतंत्र होऊ लागले तसे विद्यार्थी आपापल्या देशांच्या संघटनांत गेले, अंतर्गत भांडणंही झाली. शोलांके सप्टेंबर १९५८ मध्ये लंडनमध्येच वारले. नायजेरिया स्वतंत्र झाला तो १९६० मध्ये, त्यांना पाहता आला नाही.

१७. पुण्यात आफ्रिकी मुलं शिकतात. त्यांच्यासाठी असं काही झालं का?

सिंबायोसिसची सुरुवात आज अनेकांना ठाऊक नसते. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना प्रा. शां. ब. मुजुमदार यांनी आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे हाल पाहिले. परदेशी विद्यार्थ्यांना या शहरात आपलं म्हणायला कोणी नाही हे त्यांना जाणवलं, आणि १९७१ मध्ये त्यांच्यासाठी केंद्र सुरू झालं. विद्यापीठ नंतरचं. फरक एवढाच, की हे यजमानांनी उघडलेलं दार होतं. वासूचं दार पाहुण्यांनी स्वतः बसवलं होतं.

१८. आमची खोली आफ्रिकी विद्यार्थ्याला द्यायची इच्छा आहे, पण शेजारी म्हणतात कायद्याची कटकट असते. खरं का?

कटकट म्हणावी इतकं काही नाही. भाडेकरू कुठल्याही देशाचा परदेशी नागरिक असो, तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायची असते. नेहमीचा भाडेकरार करायचा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवायच्या. हाच नियम जर्मन किंवा जपानी विद्यार्थ्यालाही आहे. तेव्हा नियमाचं कारण पुढे करून फक्त आफ्रिकी मुलाला परत पाठवणारा मालक प्रश्न ५ मधल्या घरमालकिणीसारखाच वागतो आहे.

१९. लंडनला गेल्यावर काय पाहता येईल?

मराठी माणूस १०, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर पाहायला जातोच. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. ते कॅम्डन भागातच आहे. तिथून कॅम्डन टाउनमार्गे कॅम्डन रोडला आणि पुढे कॅम्डन स्क्वेअरला आरामात चालत जाता येतं, अर्धा दिवस पुरतो. डाउटी स्ट्रीट आणि रसेल स्क्वेअर थोडे दक्षिणेला, बसने जवळ. शोलांके यांचे कागद मात्र लंडनमध्ये नाहीत. ते लागोस विद्यापीठात आहेत, तिथल्या गांधी ग्रंथालयात.